डॅशबोर्डवरचं लाल कुलूप

दुसऱ्याने केलेलं वायरिंग उघडून बघायची वेळ आली की मला शिसारी येते. सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली. तिथे प्रत्येक वायरला नंबर असतो आणि प्रत्येक जोड कागदावर दाखवलेला असतो. आमच्या मोटारहोमचं डॅशबोर्डखालचं झाकण पहिल्यांदा काढलं तेव्हा आत निळी वायर निघाली, ती वीतभर पुढे जाऊन पिवळी झाली आणि सीटखाली पोचेपर्यंत लाल. जोड म्हणजे दोन टोकं पीळ देऊन वर गुंडाळलेली चिकटपट्टी. तीही उन्हाने पाघळून काळी, बोटाला लागली की साबणानेही न जाणारी. ज्याने हे केलं तो जेवताना हात धूत नसणार, असं मी बायकोला म्हणालो.

गाडी जुनी, गुजरातेतल्या एका माणसाकडून घेतलेली. टेम्पोवर घर बसवलेलं: दोन बाकडी, एक शेगडी आणि मागे छोटा संडास. त्या संडासासाठीच घेतली. पोटाच्या ऑपरेशननंतर माझ्या बायकोला दर अर्ध्या-पाऊण तासाने जावं लागतं. बस नाही, गाडी नाही, कुणाचं लग्न नाही. दोन वर्षं ती डहाणूच्या बाहेर पडली नव्हती. तिची थोरली बहीण नवसारीला असते, आता अंथरुणाला खिळली आहे. दोघी रोज फोनवर बोलायच्या. यंदा गौरी बसवायला तरी ये, पुढच्या वर्षी मी असेन नसेन, असं बहिणीने म्हटलं आणि ही फोन बंद करून कितीतरी वेळ त्याच्याकडेच बघत बसली. मग मी गाडी शोधली.

श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही नवसारीला एक चक्कर मारायला निघालो. तलासरीला हायवेच्या कडेला चहासाठी थांबलो आणि परत किल्ली फिरवली तर डॅशबोर्डवर लाल कुलूप लुकलुकायला लागलं. किल्लीच्या आत एक चिप असते, गाडी ती ओळखते आणि मगच इंजिन सुरू होऊ देते. ओळख पटली नाही की ढिम्म. माझीच गाडी मला चोर समजत होती.

बघता बघता माणसं जमली. गाडी बंद पडली की आपल्याकडे कुणालाही तिच्यावर हक्क सांगता येतो. एकाने बॉनेटवर कोपर टेकले. एकाने विचारलं, "काका, यात काय विकता? वडापाव?" आणि एकाने काही न विचारता मागचं दार उघडलं. माझी बायको तेव्हा संडासात होती आणि त्याच्या दाराची कडी नीट लागत नव्हती. ती बाहेर आली, बाकड्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून खाली बघत राहिली. त्या माणसाच्या दातांत अडकलेला तंबाखू मला अजून दिसतो.

चहावाल्याने शेजारच्या गाळ्यातून वायरिंगवाल्याला बोलावलं. चाळिशीचा, बारीक माणूस, दिवसभर ट्रकच्या लाइटी दुरुस्त करणारा. हातात एकच हत्यार, दोन वायरी जोडलेला छोटा बल्ब. तो सीटखाली वाकला, थोडा थांबला आणि वर बघून म्हणाला, "काका, गाडीत उंदीर हाय काय?"

मला संताप आला. "गाडीत खाण्याचा कणही नसतो," मी म्हणालो. "आमच्याकडे श्रावण पाळतात."

"वास मात्र येतो हो कसलातरी," बायको म्हणाली.

"डहाणूची गाडी आहे. खारा वारा बसलाय तिच्यात."

वायरिंगवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. तेवढ्यात मी पुन्हा किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. त्याने बॅटरीची अर्थिंगची पट्टी बदलली आणि म्हणाला, "फॉल्ट दिसला तरच पकडता येईल ना." आम्ही नवसारीला न जाता घरी आलो. उतरताना बायको म्हणाली, "हे पक्कं नीट झाल्याशिवाय मी परत यात बसणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कुलूप. दुपारी गाडी सुरळीत. मी ती तलासरीला नेली, त्याने दोन दिवस ठेवून घेतली, तिथे तिने एकदाही त्रास दिला नाही. परत आणली आणि डहाणू रोडला भर बाजारात बंद पडली. मागून रिक्षावाले हॉर्न वाजवत होते आणि मी घामाने चिकट झालेली किल्ली शर्टाला पुसून पुसून फिरवत होतो. त्या दिवशी माझा तोल गेला. गाडी सुरू झाल्याबरोबर मी सरळ तलासरी गाठली आणि त्याच्या गाळ्यासमोर पाच-सहा ड्रायव्हर चहा पीत असताना त्याला म्हणालो, "तूच काहीतरी कापून ठेवलंयस. मी परत परत यावं म्हणून. ही चोरीच झाली."

तो म्हणाला, "नाय काका." एवढंच. एक ड्रायव्हर हसला. मी घरी येऊन बायकोला सगळं रंगवून सांगितलं, त्याचा चेहरा कसा पडला ते सुद्धा.

मग मी आमच्या खात्याच्या पद्धतीने शोध सुरू केला. वही उघडली. बिघाड झाला की वेळ, पाऊस, ऊन, गाडी किती वेळ उभी होती, सगळं लिहायचं. दहा-बारा दिवसांत चित्र स्पष्ट झालं. रात्रभर पाऊस पडला की सकाळी कुलूप. दोन तास ऊन लागलं की गाडी गरीब गाय. म्हणजे कुठेतरी ओल धरत होती. किल्लीच्या भोकाभोवतीच्या, चिप वाचणाऱ्या रिंगपासून वायर धरून मी मागे मागे जात राहिलो. ती चालकाच्या सीटखालून बाकड्याच्या खणामागे एका काळ्या डबीत शिरत होती. खणाची मागची फळी काढली आणि मी तोंड फिरवलं.

डबीवर घरटं होतं. गादीचा कापूस, वर्तमानपत्राचा चोथा आणि त्यात डोळे न उघडलेली पाच गुलाबी पिल्लं, वळवळणारी. वायरींचं वेष्टण कुरतडून तांबं उघडं पडलं होतं. कनेक्टर मुताने भिजून हिरवा झाला होता. आणि घरट्यात, कापसात नीट रोवलेली, सुक्या बोंबलांची डोकी.

ते बोंबील माझे होते.

आमच्या घरात श्रावण लागायच्या आदल्या दिवशी सुकी मासळी घराबाहेर जाते. बायको डबे रिकामे करून घासते आणि उरलेलं शेजारणीला देते. यंदाचे बोंबील मी चिंचणीहून स्वतः निवडून आणले होते, कडक उन्हातले. द्यायचा जीव होईना. "देऊन येतो" म्हणून पिशवी घेऊन निघालो आणि गाडीतल्या त्याच खणात कोंबली. महिनाभराचा तर प्रश्न. नंतर मी त्या पिशवीकडे बघितलंही नाही. वास आला की समुद्राचं नाव सांगायचो, आणि सांगता सांगता मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

मी बाहेर जाऊन ओकलो. आत आलो, पिल्लं सुपलीत घेतली, डोकी गोळा केली, आणि वळलो तर बायको दारात. तिने सुपलीत पाहिलं. मला वाटलं आता श्रावण, सोवळं, खोटेपणा सगळं निघणार. तिने नाकाला पदर लावला आणि विचारलं, "त्या माणसाला तुम्ही चोर म्हणालात ना?"

"हो."

"किती जणांसमोर?"

"पाच-सहा."

"मग तेवढ्याच जणांसमोर ते शब्द परत घ्या. जोडही त्याच्याकडूनच करून घ्या. तरच मी बसेन."

गौरींना आठ दिवस राहिले होते. मी गाडी फिनेलने तीनदा धुतली, दुपारच्या उन्हात सुरू केली आणि तलासरीला गेलो; मी शब्द परत घेतो ते ऐकायचं म्हणून तेवढ्यापुरती ती बसली. चहा पिणारे ड्रायव्हर वेगळे होते, पण पाचाच्या वर होते. मी मोठ्याने सांगितलं की चूक माझी होती, उंदीर माझ्या बोंबलांवर आले होते, आणि मी याच्यावर आळ घेतला.  दोघं-तिघं खो खो हसले. तो हसला नाही. सीटखाली शिरला, कुरतडलेला भाग कापला, नवीन वायर घातली, प्रत्येक जोडाला कथिलाचा डाग दिला आणि वर रबरी नळी चढवली. इतकं स्वच्छ काम मी खात्यातही क्वचित पाहिलं होतं.

तो हात पुसत बाहेर आल्यावर मी हळूच विचारलं, "तुला पहिल्या दिवशीच कळलं होतं?"

"वास आला ना काका. तलासरीला कुठला समुद्र? सुका बोंबील मी ओळखणार नाय काय?"

"मग बोलला का नाहीस?"

त्याने गाडीच्या खिडकीकडे पाहिलं. "काकी बसल्या होत्या. तुम्ही बोललात, श्रावण पाळतो. त्यांच्यासमोर कसा बोलू? वाटलं, घरी जाऊन गुपचूप काढाल. गाडी ठेवलीत तेव्हा बिघडली नाय, म्हणून वाटलं काढलेत, वासच उरलाय."

"आणि मी चोर म्हणालो तेव्हा? तेव्हा तर काकी नव्हत्या."

"तेव्हा एवढी माणसं ऐकत होती," तो म्हणाला आणि बल्ब खिळ्याला अडकवायला आत गेला.

मला माझी इतकी किळस त्या घरट्यासमोरही आली नव्हती.  गाडीतून बायकोने हाक मारली, "अहो, चला ना. ताई वाट बघतेय."

नवसारीपर्यंत मी तीनदा गाडी बाजूला घेतली. तिन्ही वेळा ती मागे जाऊन, मी नवी बसवलेली कडी लावून, सावकाश आली. तिन्ही वेळा मी किल्ली फिरवली, आणि तिन्ही वेळा लाल कुलूप क्षणभर लागून विझलं.