मामाच्या पंपावरचं पेट्रोल

आमच्या गाडीचा आवाज बंद करतो म्हणून तीन गॅरेजवाल्यांनी तिला हात लावला आणि तिघांनीही तिची वाट लावली. अजून आठवलं की डोकं फिरतं. वडिलांनी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात जन्मभर पाळ्या केल्या आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी एक जुनी, क्रीम रंगाची गाडी घेतली. स्वतःच्या हौसेसाठी त्यांनी घेतलेली ती एकमेव वस्तू. सावकाश नेली तर गाडी गुणी होती. ॲक्सिलरेटर दाबला, की इंजिनातून पत्र्याच्या डब्यात फुटाणे हलवल्यासारखा आवाज यायचा. चढावर तर विचारूच नका.

पहिल्या गॅरेजवाल्याने टॅपेट आवळले. दुसऱ्याने कार्ब्युरेटर धुतला. तिसऱ्या शहाण्याने टायमिंग इतकं मागे घेतलं, की रिक्षासुद्धा आम्हाला मागे टाकायला लागल्या, आणि आवाज होताच. वर तोच म्हणतो, असंच चालवत राहिलात तर पिस्टन जातील आणि गाडी भंगारात जाईल. तोंडात मावा धरून बोलत होता. त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. वडील मात्र शांत. जुनं इंजिन आहे, कुरकुरणारच, एवढंच म्हणायचे. मला त्या शांतपणाचाच जास्त राग यायचा.

पेट्रोल भरायला आम्ही रविवारी निफाडच्या रस्त्यावर मामाच्या पंपावर जायचो. मामा हा आईचा एकुलता एक भाऊ. आजी-आजोबा गेले, शेत विकलं, तेव्हापासून आईचं माहेर म्हणजे त्या पंपाची केबिन. मामा तिला पंख्याखाली बसवायचा, चहा मागवायचा, निघताना द्राक्षांची पेटी डिकीत ठेवायचा. घरचा पंप असताना दुसरीकडे भरलंत तर बघा, असा त्याचा प्रेमळ दम असायचा. परतताना आई खुशीत गुणगुणायची आणि गाडी कडकडत असायची.

एकदा लग्नासाठी कल्याणला गेलो. येताना टाकी तळाला गेली होती, म्हणून तिथेच भरली. कसारा घाटात मी चालवत होतो. भर दुपार, गाडीत चार माणसं. दात आवळून ॲक्सिलरेटर दाबला. आवाजच नाही. पुन्हा दाबला. गाडी मुकाट्याने घाट चढली. पुढच्या रविवारी मामाकडे टाकी भरली, आणि घरी पोचायच्या आत आवाज परत हजर.

मी टाकीत नळी घालून बाटलीत थोडं पेट्रोल काढलं आणि दारातच वर्तमानपत्रावर दोन थेंब टाकले. नुसतं पेट्रोल असतं तर उडून गेलं असतं. इथे तेलकट डाग राहिला. आई मी काय करतोय ते बघायला आली. तिने कागद उचलून नाकाशी धरला. इतकी वर्षं स्टो पेटवणाऱ्या बाईला वेगळं काय सांगायचं?

"रॉकेल आहे हे," ती म्हणाली. "कुठलं?"

मी गाडीकडे बोट दाखवलं. ती कागद तिथेच टाकून आत गेली.

संध्याकाळी मी वडिलांवर तोफ डागली. ते म्हणाले, "मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. तिला एकच भाऊ आहे." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तीन-तीन गॅरेजं, आमच्या डोक्याला ताप, एवढ्या हौसेची गाडी, आणि हे सगळं गिळून बसले होते! आणि तो मामा, स्वतः डिझेलची जीप फिरवणारा. सख्ख्या बहिणीला आत चहा पाजायचा आणि बाहेर तिच्याच टाकीत रॉकेल ओतायचा. मी फोनकडे गेलो. वडिलांनी मला अडवलं.

रविवारी आई नेहमीसारखी तयार होऊन वडिलांशेजारी बसली. मी मागे. पंप दिसला तशी वडिलांनी गाडी हळू केली. मामा केबिनबाहेर येऊन हात हलवत होता.

"थांबू नका," आई म्हणाली. "पुढे घ्या."

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. ती समोर रस्त्याकडे बघत होती. मामाचा हात वरच राहिला. आम्ही निफाडात जाऊन टाकी भरली.

दिवाळीत मामाचा फोन आला. भाऊबीजेला येऊ नकोस, असं आईने त्याला सांगितलं. का, ते तुझं तुला माहीत आहे, म्हणाली आणि रिसीव्हर ठेवला. भाऊबीजेच्या संध्याकाळी ती तबक घेऊन गच्चीवर गेली, मागोमाग वडील आणि मी. मावळायला आलेली चंद्राची कोर वीज केंद्राच्या चिमणीच्या धुराआड जात होती. तिने घाईघाईने निरांजन लावलं आणि कोरेला ओवाळलं. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका असं ओवाळतात. तिचा भाऊ तासाभराच्या अंतरावर, धडधाकट, पंपावर बसलेला होता. मला त्याचं नरडं धरावंसं वाटत होतं. वडिलांनी ओवाळणी म्हणून खिशातून एक नोट काढली, तबकाशी नेली आणि तशीच परत खिशात ठेवली.