चार पंचावन्नची चिठ्ठी

हे नादरूप परमेश्वरा, कंठ फुटण्याआधी जो कंठात असतो आणि टाळ्या संपल्यावरही जो रिकाम्या सभागृहात उरतो, त्या तुला आधी नमस्कार. तुझ्या दारी गाणारे येतात, ऐकणारे येतात. आज ज्यांची कथा सांगायची ते या दोघांतले कुणीच नव्हेत. ते दाराशी उभे राहणारे. ऐकण्याचा हक्क नसलेले, आणि तरी ऐकल्यावाचून न राहिलेले. देवा, त्यांच्या चुकीवर पांघरूण घालायचे नाही, आणि तिच्यावर काठीही उगारायची नाही. जसे घडले तसे सांगण्यापुरती शुद्ध वाणी दे.

त्यांना सारे गाव कडीकाका म्हणे. सभागृहाच्या दोन फळ्यांच्या दाराची पितळी कडी एकतीस वर्षे त्यांच्या हातात होती. नियम एकच होता. गाणे चालू असताना दार उघडायचे नाही. अधिकारी येवो, सावकार येवो, खुद्द सभागृहाचा मालक येवो. एक गाणे संपून टाळ्या पडल्या की तेवढ्या अवधीत दार उघडायचे, खोळंबलेल्यांना आत सोडायचे. आतल्या कुणासाठी निरोप आला असेल तर त्या रांगेपर्यंत वाकून जायचे, चिठ्ठी हातात ठेवायची आणि पाऊल न वाजवता परतायचे. निरोप कार्यालयातल्या फोनवर येत. तिथला कारकून ते कागदावर उतरवी, कोपऱ्यात वेळ टाकी आणि कागद आणून काकांना देई.

नियमाबाहेरची गोष्ट एवढीच, की काका दार पुरते मिटत नसत. करंगळी जाईल इतकी फट ठेवत आणि तिला कान लावून उभे राहत. आतल्या खुर्चीवर ते एकदाही बसले नाहीत, पण त्या फटीतून त्यांनी जे ऐकले ते पहिल्या रांगेतल्यांनाही ऐकू आले नसेल.

पुढे ते निवृत्त झाले, केस पिकले, गुडघे गेले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांना बोलावणे आले. सभागृह पाडायचे ठरले होते. पाडण्याआधी एका रविवारी सकाळी जुन्या श्रोत्यांनी जमावे आणि आयुष्यातली सर्वांत मोठी मैफल कोणती ते प्रत्येकाने सांगावे, अशी व्यवस्थापकांची कल्पना. काकांना मंचावर खुर्ची दिली होती. काकू पहिल्या रांगेत बसल्या.

एक निवृत्त परिचारिका उठल्या. "बासरीचा कार्यक्रम होता. मधेच दिवे गेले, पण बासरीवाला थांबला नाही. अंधारात मला इतकं भरून आलं की मी शेजारच्याचा हात घट्ट धरला. उजेड आला तेव्हा बघते तर तो माझा नवरा नव्हता."

मागून त्यांचे यजमान म्हणाले, "मी दुसऱ्या बाजूला होतो. अजून तिथंच आहे."

सभागृह हसले. मग कुणी तबल्याची जुगलबंदी सांगितली, कुणी व्हायोलिन सांगितले. पण तिघाचौघांनी एकामागून एक एकाच दुपारचे नाव घेतले: अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा रविवार, चार वाजताची वेळ, आणि ती वृद्ध गायिका, जिचा आवाज गेला असे सगळे म्हणत होते. मंचावरच्या खुर्चीत काकांची बोटे एकमेकांत अडकली.

शेवटी घड्याळजी उठले. बाजारपेठेच्या वळणावर त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान, वय अडुसष्ट, बोलणे मोजके.

"माझीही तीच मैफल," ते म्हणाले. "नवव्या रांगेत होतो. त्या बाईंनी मध्यंतर घेतलं नाही. दुसरं गाणं संपलं, टाळ्या चालू होत्या, आणि त्या टाळ्यांतच त्यांनी तिसरं सुरू केलं. ते गाणं मनात घेऊन मी घरी निघणार होतो. आई आजारी होती, तिनंच पाठवलं होतं, जा, ऐक आणि मला येऊन सांग म्हणून. बाहेर आलो तर चिठ्ठी. घरी पोचलो तर ती गेलेली." त्यांनी समोरच्या खुर्चीची पाठ धरली. "ताई आईजवळ होती. तिनं वेळेवर कळवलं नाही. आई कुणाच्या घरी राहणार यावरून आठवड्यापूर्वी आमचं वाजलं होतं, त्याचा तिनं सूड घेतला. मागच्या वर्षी ताई गेली. मी अंत्यदर्शनालाही गेलो नाही. हे इथं बोलायचं नव्हतं, पण मैफल आठवली की हेही आठवतं."

ते खाली बसले. कुणी खोकले, कुणी खुर्ची सरकवली. वातावरण हलके करावे म्हणून व्यवस्थापकांनी काकांकडे ध्वनिक्षेपक वळवला. "कडीकाका, आता तुम्ही सांगा. तुमची सर्वांत मोठी मैफल?"

काका उठले. घसा खाकरला. समोर नवव्या रांगेत तोच माणूस होता, बहुधा त्याच खुर्चीवर.

"मी काय सांगणार," काका म्हणाले, "मी एकतीस वर्षांत एकही अख्खी ऐकली नाही. अर्ध्या कानानं ऐकली, अर्ध्या तिकिटाचेही पैसे दिले नाहीत."

सभागृह पुन्हा हसले आणि टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवल्या नाहीत त्या फक्त काकूंनी.

घरी येऊन चपला काढताना त्या म्हणाल्या, "छान पडल्या टाळ्या."

"हं."

"चहा टाकू, का टाळ्यांनीच पोट भरलं?"

काका खाटेच्या कडेवर बसले. "काय करू? सगळ्यांच्या देखत बोलू?"

"सगळ्यांच्या देखत त्या बिचारीला सूड घेणारी म्हटलं गेलं. तुम्ही खुर्चीत होतात."

"ती आता नाही. आता सांगून काय उपयोग?"

"ती आजारी पडली तेव्हा सांगणार होतात. त्याआधी निवृत्त झालो की सांगतो म्हणत होतात. आता काय निवृत्त व्हायचं राहिलंय तुमचं?" काकूंनी पातेले आपटले नाही, हळूच ठेवले. "तेव्हा गप्प बसा म्हणणारी मीच. नोकरी जाईल, चुलीवर काय ठेवू, असं मीच म्हटलं होतं. तेवढी चूक माझी. त्याच्या नंतरची सगळी तुमची."

देवा, नवरा आणि बायको एका ताटात जेवतात, आणि एकच पाप दोन घशांतून उतरते. त्या दिवशी त्या घरात दोघांनाही घास उतरला नाही.

सोमवारी सकाळी दुकान उघडताच काका घड्याळजींसमोर उभे राहिले. डोळ्याला भिंग लावून घड्याळजी बायकांच्या एका मनगटी घड्याळात चिमटा घालत होते.

"या कडीकाका. काल मजा आणलीत."

"घड्याळजी, हातातलं काम खाली ठेवा."

त्यांनी भिंग काढले. काकांचा आवाज तसाच होता जसा दाराशी उशिरा आलेल्यांना थांबवताना असे: बारीक आणि ठाम.

"त्या दिवशीचा निरोप चार पंचावन्नला आला. तुमच्या ताईंनी फोन केला, 'आईचं जास्त झालंय, लगेच ये.' कारकुनानं लिहून मला दिला. आत दुसरं गाणं चाललं होतं, म्हणून मी थांबलो. तो नियम होता."

"बरं."

"पाच चाळीसला ते गाणं संपलं. टाळ्या पडल्या. मी आत यायला हवं होतं. कडी धरलेली होती. आणि त्या टाळ्यांतून बाईंच्या तिसऱ्या गाण्याचा स्वर आला." तोच स्वर पुन्हा कानी पडल्यासारखी काकांची मान क्षणभर तिरकी झाली आणि त्यांनी ती लाजून सरळ केली. "तुमच्या रांगेपर्यंत यायचं आणि परत जायचं म्हणजे सुरुवात हुकली असती. मी म्हटलं, एवढं होऊ दे."

"विसरलात?"

"नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं. चिठ्ठी छातीवरच्या खिशात होती, श्वास घेतला की कुरकुरत होती. मी श्वास हळू घेत होतो."

घड्याळजींनी भिंग पुसून बाजूला ठेवले.

"सहा चाळीसला संपलं. तेव्हा भीती वाटली. कागदाच्या कोपऱ्यात वेळ होती, तो कोपरा मी नखानं फाडला. तुम्ही बाहेर आलात आणि मी म्हणालो, 'आत्ताच आली.'"

दुकानात पन्नासएक घड्याळे चालत होती, एकही दुसऱ्याशी जुळत नव्हते. घड्याळजींनी समोरच्या वहीचे पान उलटे केले. हिशेब मांडल्याशिवाय त्यांना दुःखही समजत नसे.

"दार ते घर पंधरा मिनिटं," ते हलक्या आवाजात म्हणाले. "पाच चाळीसला निघालो असतो तर पाच पंचावन्न. आई गेली सहा वीसला. ताई म्हणायची, शुद्धीवर होती. मला विचारत होती." पेन्सिल तिथेच थांबली. "पंचवीस मिनिटं."

"होय."

"ताई मला म्हणाली होती, अरे, मी पाचच्या आत फोन केला. मी तिला काय म्हणालो ठाऊक आहे? पाचच्या आत केलेला फोन पावणेसातला पोचतो होय? मी घड्याळं दुरुस्त करतो, ताई, मला वेळ शिकवू नकोस."

काका उभेच होते. बसा असे कुणी म्हटले नव्हते.

"मारा मला," ते म्हणाले.

"तुम्हाला मारून काय करू? चार लोक तुम्हालाच उचलायला धावतील." घड्याळजींनी उघडे घड्याळ काचेच्या भांड्याखाली झाकले, दुकानाचे शटर ओढले. "चला माझ्याबरोबर. तिच्या मुलीकडे. माझ्याकडून ती ऐकणार नाही, तुम्ही सांगायचं."

दोघे चालत गेले. अर्ध्या तासाची वाट होती. जिना चढताना काकांचे गुडघे ताठले, कठडा धरून ते एकेक पायरी चढले. घड्याळजी दोन पायऱ्या खाली राहिले, पुढे झाले नाहीत.

दार भाचीने उघडले. शाळेत शिकवणारी, त्रेचाळीस वर्षांची, हातात तपासायच्या वह्या. मामाला पाहून तिचा चेहरा मिटला.

"मामा, इकडे कुठे? आईला जाऊन वर्ष होत आलं. वाट चुकलात का?"

"यांचं ऐक," घड्याळजी खालूनच म्हणाले.

आणि काकांनी सांगितले. चार पंचावन्न सांगितले, पाच चाळीस सांगितले, खिशातला कुरकुरणारा कागद सांगितला, फाडलेला कोपरा सांगितला. स्वतःची बाजू म्हणून एकही वाक्य घातले नाही. भाचीने अडवले नाही, रडलीही नाही. वह्या तेवढ्या हळूहळू छातीशी आल्या.

"थांबा," ती म्हणाली. आत वळून तिने हाक मारली. लेक आली, मुलगा आला, दोघेही महाविद्यालयात जाणारे. "आमच्या घरात एक बोलायची रीत आहे. कुणी थाप मारली की दुसरा विचारतो, काय, लागला का पाचचा फोन? माझ्या वडिलांपासून चालू आहे. मी पण म्हटलंय, आईच्या तोंडावर. या दोघांनी तर बोलायला लागल्यापासून म्हटलंय. आजी हसायची. शेवटच्या महिन्यात हसायची थांबली होती." तिने काकांकडे पाहिले. "आता पुन्हा सांगा. पहिल्यापासून. यांच्यासमोर."

काकांनी पुन्हा सांगितले. पहिल्यांदा सांगताना शब्द ढकलले होते. दुसऱ्यांदा ते आपोआप आले, आणि ते अधिक कठीण होते. मुलगा जमिनीकडे पाहत होता. लेकीने मध्येच विचारले, "मग आजी खरं सांगत होती?"

"सुरुवातीपासून," काका म्हणाले.

"मग आम्ही तिला काय काय म्हणायचो," लेक म्हणाली, आणि आत निघून गेली.

भाचीने दोघांना आत बोलावले नाही. मामाकडे पाहून ती म्हणाली, "तुम्हाला दोष देऊ, का यांना, तेच कळत नाही मला. तुम्ही दोघंही आईच्या एका वाक्यापुढं उभे राहिलात आणि दोघांनाही ते ऐकू आलं नाही. या कधीतरी. आज नको."

खाली रस्त्यावर आल्यावर घड्याळजी प्रथमच काकांच्या नजरेला नजर भिडवून बोलले. आवाजात राग नव्हता. राग असता तर काकांना सोपे गेले असते.

"कडीकाका, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. पण माझ्या दुकानावरून आता जाऊ नका. तुम्ही दिसलात की मला ते तिसरं गाणं आठवेल. आणि देव साक्षी आहे, ते अजूनही मला चांगलंच वाटतं."

तेव्हापासून काका बाजाराला जाताना मागच्या गल्लीने जातात. ती वाट लांब आहे, चढाची आहे, गुडघ्यांना नको असलेली आहे. काकू पिशवीचा एक बंद धरतात, काका दुसरा. सभागृहाची भिंत पडली त्या दिवशी धूळ त्यांच्या गल्लीपर्यंत आली. काकूंनी खिडकी लावून घेतली, काका खाटेवर बसून राहिले. भाचीच्या घरातली ती बोलायची रीत बंद झाली असे कुणीतरी त्यांना सांगितले. काका नुसते "बरं" म्हणाले, आणि त्या रात्रीही त्यांना झोप आली नाही.

हे करुणाकरा, उशिरा का होईना ज्याने खरे सांगितले, त्याच्या पायांना त्या लांबच्या वाटेचे बळ दे. ज्या बाईने एकदा गप्प बसा म्हटले आणि एकदा उठा म्हटले, तिच्या हातची चूल थंड पडू देऊ नकोस. त्यांच्या घरी दोन वेळचे अन्न राहो, आजारपणात कुणी विचारणारे राहो, आणि त्या दोघांच्या आयुष्याची उरलेली वर्षे एकमेकांच्या सोबतीने सरोत. आणि जी बहीण खरे बोलूनही खोटी ठरून गेली, तिच्या मुलानातवंडांच्या घरावर, देवा, तुझा हात सदैव राहो.