पूल कोणी दिला?

संपर्क समितीने पाच सरकारांना फसवलं. आमच्या सरकारने सोयीचं म्हणून फसवून घेतलं. किंमत कॉर्पोरल रॉसने मोजली.

मी तेव्हा ऑस्ट्रेलियन आर्मीत सार्जंट होतो, कॅनबेरात लिएझॉन डेस्कवर, म्हणजे समिती आणि आमचं सैन्य यांच्यातले निरोप सांभाळायला. एका बेटावर युद्धबंदी होती. रॉसचं सेक्शन, आठ-दहा जणांची तुकडी, तिथल्या पुलावर होतं. पूल आमच्याकडे, म्हणून अलीकडचं गाव सुरक्षित. पाच देशांच्या मुत्सद्द्यांच्या या संपर्क समितीचं काम फक्त निरोप पोचवायचं. पुढे ती बैठकीची जागा ठरवू लागली, मग नकाशावरच्या रेघाही. पद्धत साधी. मसुदा पाठवायचा, संध्याकाळपर्यंत कोणी हरकत घेतली नाही तर मंजूर.

पुलाचा मसुदा लाँग वीकेंडच्या आदल्या दुपारी आला. सकाळी पूल पलीकडच्या फौजेला द्यायचा. हरकत घेणं ज्याचं काम, तो आमच्या परराष्ट्र खात्याचा अधिकारी सुट्टीसाठी कोस्टच्या वाटेवर होता. मी फोन केला. हरकत घेतली तर बोलणी मोडल्याचं खापर आपल्यावर फुटेल, म्हणाला. सेक्शनला मागे बोलावण्याचं समिती बघेल, नो वरीज.

समितीने बघितलं नाही. मी रॉसला रेडिओवर सगळं सांगितलं. हेडक्वार्टर्सची ऑर्डर आल्याशिवाय पोस्ट सोडणार नाही, म्हणाला.

सकाळी रेडिओवर तोच आधी बोलला.

"सार्ज, ट्रक आलेत. पूल त्यांचा झाला म्हणतात."

"सेक्शन मागे घे."

"ऑर्डर कोणाची?"

"माझी."

"प्रमोशन कधी झालं, मेट?" हसला. मग म्हणाला, "पोरांना गावात पाठवलंय, माणसं बाहेर काढायला. तोवर मी यांना बोलण्यात गुंतवतो."

गाव रिकामं झालं. सेक्शन परत आलं. रॉस आला नाही.

चौकशीत तो अधिकारी म्हणाला, कोणाचीच हरकत नव्हती, म्हणजे निर्णय सर्वांचा. मी पुण्याच्या मार्केट यार्डात कांद्याचा भाव करत वाढलो. समोरचा गप्प बसला म्हणून सौदा झाला, असं तिथला हमालसुद्धा धरत नाही. हे मी त्याला तोंडावर सांगितलं, आणखीही बरंच सुनावलं. मला आर्मी सोडावी लागली. समितीला दुसऱ्या देशातला तंटा मिळाला. या वेळी रेघा आखायचा अधिकार लेखी दिलाय.

रॉसची आई पॉइंट कुकला असते. पूल द्यायचं कोणी ठरवलं, एवढंच ती विचारते. माझ्याकडे पाच देश आहेत, माणूस एकही नाही. त्या दुपारी 'नाही' म्हणणं ज्याचं काम होतं, त्याने तिच्या दारात जावं आणि स्वतःचं नाव सांगावं.