गुडघ्याखाली चार बोटं

हाडांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं प्लास्टर घालणाऱ्या माणसाला सगळे प्लास्टरमामा म्हणत. शाळा सातवीतच सुटलेली. पण पाय हातात घेतला की तो कशानं मोडला, हे मामा एक्स-रे न बघता सांगत. घसरून पडलेला माणूस घोट्यात मोडतो, नाहीतर मनगटात, म्हातारा असला तर खुब्यात. गाडीनं उडवलेला नडगीत मोडतो. शहरात उंच गाड्या आल्यापासून ही मोड वर सरकत गुडघ्याखाली चार बोटांवर आली होती.

"गाड्या उंच झाल्या, रस्ता रुंद झाला," मामा म्हणत. "फुटपाथ तेवढा दुकानांच्या पायऱ्यांखाली गेला."

त्या सकाळी टेबलावर इस्त्रीवाली मावशी होती. केसपेपरवर कारण लिहिलं होतं, पाय घसरून पडली. मामांनी गुडघ्याखाली बोटं टेकवली. बरोबर चार. त्यांची कानशिलं तापली, पण हात ओल्या पट्ट्या गुंडाळत राहिले.

"कुठं घसरलात, मावशी?"

"बाजाराच्या वळणावर."

"का, रस्ता काय साबण लावून बसला होता?"

मावशीची नजर दाराकडं गेली. दाराबाहेर एक साहेब फोनवर बोलत येरझाऱ्या घालत होते. त्यांच्या शर्टाची कॉलर कडक होती, आणि ती इस्त्री कुणाची हे विचारायची गरज नव्हती.

प्लास्टर घट्ट व्हायला सात-आठ मिनिटं लागतात. तोवर पाय दोन्ही हातांनी तोलून धरावा लागतो. ना मामांना उठता येतं, ना पेशंटला. मामांची निम्मी भांडणं याच वेळात होत.

"त्या वळणाचा हा वर्षातला नववा पाय," ते हळूच म्हणाले. "आधीच्या आठांच्या कागदावर पडला, पडली, एवढंच. गतिरोधक मागायला गेलो, तर रस्त्यांच्या ऑफिसातला अधिकारी म्हणतो, तिथं अपघातच नाहीत, नोंद दाखवा. आपले डॉक्टर बाहेर शिकून आलेत. ते सांगतात, श्रीमंत देशांत चालणाऱ्यांची नोंद ठेवली, फुटपाथ बांधले, गाड्यांना लगाम घातला, तेव्हा कुठं माणसं मरायची कमी झाली. तिकडंही काही ठिकाणी पुन्हा वाढायला लागलीत म्हणे. पण सगळ्यात जास्त मरतात ती आपल्यासारख्या देशांतलीच. आपल्याकडं आधी गाडी येते, चालणारा कागदावरसुद्धा येत नाही."

"खरंय, मामा. पण बाहेरच्या साहेबांच्या सोसायटीतली बावीस घरं कपडे देतात मला. साहेबांनी स्वतः उचलून आणलं इथं. नाव घेतलं तर उद्या माझी इस्त्री थंड."

"उडवलं त्यांनी, मग उचलायला काय शेजारी येणार?"

"तुमचं काय जातं बोलायला? तुमचा पगार महिन्याच्या महिन्याला येतो."

ते वर्मी लागलं. एरवी मामांनी दवाखाना डोक्यावर घेतला असता. पण पाय हातात होता, हात हलला तर हाड हललं असतं. तळहातांखाली प्लास्टर कोमट व्हायला लागलं.

"सून माझ्या नातीला त्याच वळणावरून शाळेत नेते," मावशी म्हणाली. "धडक लिहा. गाडीचा नंबर नका लिहू. मी नाही बघितला."

"बघितलात तुम्ही."

"नाही म्हटलं ना, मामा."

मामांना तो नंबर हवा होता. ती कडक कॉलर धरून नोंदणीच्या खिडकीपुढं उभी करायची होती. त्यांनी मावशीकडं बघितलं. ती नजर हटवेना.

"बरं," मामा म्हणाले.

त्यांनी नोंदणीच्या बाईंना हाक मारली. "खाडाखोडीला पेशंटची सही लागेल हं," बाई म्हणाल्या.

"देते की."

बाईंनी जुनं कारण खोडून वर लिहिलं, रस्ता ओलांडताना वाहनाची धडक, बाजाराचं वळण. वाहन क्रमांकापुढं आडवी रेघ मारली. मावशीनं जपून सही केली.

"साहेबांनी विचारलं तर काय सांगू?" बाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"सांगा, प्लास्टर चांगलं बसलंय," मावशी म्हणाली.

मामांनी पाय अलगद उशीवर टेकवला.