दगडापलीकडचे तीसवाले नाना

रस्ता एक, गाव एक, आणि तरीही हद्दीच्या दगडाच्या उत्तरेला ट्रकने ताशी तीसने जावं आणि दक्षिणेला ताशी पन्नासने, हे कोण ठरवतं, असं तुम्ही कधी कुणाला विचारलंत का?

मीही विचारलं नव्हतं. आमचं गाव महामार्गावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवर आहे. शाळा साताऱ्यात, आमची वस्ती सांगलीत. वेगाचा हुकूम ज्या त्या जिल्ह्याच्या कचेरीतून निघायचा. सातारच्या साहेबाला शाळा दिसली, त्याने तीस लिहिलं. सांगलीच्या कचेरीला आमची वस्ती दिसली नाही, तिथे पन्नास राहिलं. ड्रायव्हर दगड ओलांडला की पाय दाबायचे, आणि बरोबर पुढच्या वळणापलीकडे आमच्या बाया डोक्यावर घागर घेऊन रस्ता ओलांडत असायच्या. (गावची विहीर जवळ होती, पण आमच्या वस्तीला बंद. तिथला प्रश्न वेगळा, त्यावर मी वेगळं पत्रक काढलं होतं.)

तीसवाले नाना हे सातारच्या बाजूचे रस्त्याचे मुकादम. फौजेत पंधरा वर्षं गाड्या चालवून आलेले, अंगावरची खाकी अजून न उतरवलेले. तीसच्या पाटीखाली उभं राहून ते येणाऱ्या प्रत्येक ट्रककडे असं बघायचे, की ड्रायव्हरनीच त्यांना हे नाव दिलं. गळ्यात दोरीला बांधलेलं स्टॉपवॉच. रस्ता ओलांडणारं कुणीही दिसलं की त्यांचा अंगठा बटणावर जाई. माणूस पलीकडे पोचला की ते पुटपुटत, "सात." किंवा, "म्हातारा हाय, अकरा." आम्हाला वाटे, फौजेत डोक्याला काहीतरी झालं असावं.

एका सकाळी ट्रकने माझ्या आईची घागर उडवली. आई वीतभर अंतराने वाचली. मी तेव्हा घरून इस्लामपूरच्या कॉलेजात जात होते. त्याच दिवशी मी चार पानी पत्रक लिहिलं आणि ते नानांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"लय झ्याक. पर पुढारीणबाई, ह्यात शिव्या हायत, आकडा कुटं हाय?"

"माणूस मरायला आकडा लागतो का नाना?"

"मरायला न्हाई लागत. पाटी बदलायला लागतो."

त्यांची हद्द दगडापाशी संपत होती. रविवारी ते दगड ओलांडून आले. आम्ही चुन्याच्या फक्कीने रस्त्यावर शंभर मीटरवर दोन रेघा मारल्या. ट्रक पहिल्या रेघेवर आला की मी रुमाल हलवायचा, दुसऱ्या रेघेपाशी नाना घड्याळ थांबवणार. सहा सेकंद म्हणजे ताशी साठ, बारा म्हणजे तीस. दिवसभर आकडे मांडले आणि दुसऱ्याच दिवशी नानांना न विचारता मी ते अर्जासोबत पाठवून दिले. पंधरवड्याने उत्तर आलं, "सदर ठिकाणी वाहने मुळातच सावकाश जात असल्याने मर्यादा कमी करण्याचे प्रयोजन दिसत नाही."

मी कागद नानांपुढे आपटला. त्यांनी आकडे पाहिले. तेरा, चौदा, तेरा. मग स्वतःच्या सदऱ्याकडे पाहिलं आणि पोट धरून हसले.

"आगं, खाकी बघून त्यास्नी वाटलं सरकारी तपासणी हाय. आपुन रस्ता न्हाई मोजला, माझा सदरा मोजला."

मला हसू आलं नाही. आई रोज तोच रस्ता ओलांडत होती.

पुढच्या रविवारी नाना धोतर-पटक्यात आले आणि वैरणीच्या भाऱ्याला टेकून बांधावर बसले. ओळखीचे लोकही त्यांना न ओळखता पुढे गेले. या खेपेला आकडे सहा आणि सातच्या आसपास आले. मी लगेच अर्ज लिहायला घेतला, तर त्यांनी थांबवलं.

"गाडीवरनं मर्यादा ठरवू नगंस. वलांडनाऱ्या मान्सावरनं ठरीव."

त्यांनी वळणापासून बाया ओलांडायच्या त्या पायवाटेपर्यंत फीत धरली. ऐंशी मीटर. भरली घागर घेऊन आईला रस्ता ओलांडायला नऊ सेकंद लागत. पन्नासने येणारा ट्रक वळणावर दिसल्यापासून सहा सेकंदांच्या आत पायवाटेवर. तीसने आला तर साडेनऊ. एवढंच आम्ही लिहिलं. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत लहान पत्रक होतं.

महिन्याभरात सांगलीहून साहेब जीपमधून आले.

"तुम्ही सातारचे ना? इकडे काय करताय?"

"रजेवर हाय, सायेब," नाना म्हणाले आणि घड्याळ काढून साहेबांच्या हातात दिलं. "आमचं ऱ्हाऊ द्या. तुमीच मोजा."

आई घागर घेऊन निघाली. "पळू का नेहमीसारखी चालू?" तिने विचारलं.

"रोजच्यावानी चाल, वयनी."

ती पलीकडे पोचली, साहेबांनी काटा पाहिला. मग रस्ता मोकळा ठेवून त्यांच्याच ड्रायव्हरने जीप मागे नेली आणि वळणावरून हुकमाप्रमाणे पन्नासने आणली. साहेबांनी पुन्हा काटा पाहिला. मग आईला विचारलं, "दिवसातून किती खेपा?"

"सा-सात. पावनं आलं तर जास्त."

पावसाळ्याआधी तीसचा हुकूम निघाला. पाटीचा खड्डा सांगलीच्या गँगने खणला. नाना दगडाच्या पलीकडे, आपल्या हद्दीत उभे राहून सूचना करत होते आणि शिव्या खात होते.

पुढच्या वर्षी त्यांची बदली शिरवळकडे झाली. एस.टी.त चढताना म्हणाले, "राग सोडू नगंस पोरी. फकस्त त्याला मोजाया शिकीव." मी खूप काही बोलणार होते. एस.टी. निघून गेली.

मी अजूनही पत्रकं लिहिते, आणि आता लिहिण्याआधी मोजते. खालच्या दोन वस्त्यांनी आमच्या अर्जाची नक्कल नेली. त्यातल्या एकीच्या रस्त्यावर पाटी लागली, दुसरीची लागेल.

वाचकहो, तुमच्याही गावातून रस्ता जात असेल. या आठवड्यात तिथे जा. तुमच्या गावातलं सर्वांत हळू चालणारं माणूस किती सेकंदांत रस्ता ओलांडतं ते मोजा, वळणापासूनचं अंतर मोजा, आणि खाली आपलं नाव लिहून ते दोन आकडे जिल्ह्याच्या कचेरीला पाठवा.