लाल डबीची जागा

व्हॅनमधल्या चार पावलांच्या संसारात डॉर्थियाचा कायदा कडक होता: वस्तू वापरली की लगेच जागेवर. नवरा ऑर्व्हिल चिडवायचा, “हवालदारीणबाई, माझी जागा कुठल्या खणात?”

“दाराबाहेर!”

नेवाडाच्या वाळवंटात, गावापासून साठ मैलांवर तिला मधमाशी डसली. मधमाशीचं विष तिला मुळीच सोसत नसे. घसा सुजला, बोलणं बंद झालं. ऑर्व्हिलला शोधाशोध करावीच लागली नाही. त्यावरच्या इंजेक्शनची लाल डबी चार वर्षं ज्या खणात असायची, तिथेच होती. त्याने लगेच इंजेक्शन टोचलं आणि व्हॅन गावाकडे पिटाळली.

संध्याकाळी इस्पितळात तिने डोळे उघडले. “डबी जागेवर ठेवलीस?”

“रिकामी आहे, तरी ठेवली,” ऑर्व्हिल म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याने त्या कायद्याचे मनापासून आभार मानले.