मापवाल्यांचा बॉक्स

कारखान्यात त्यांना सगळे कंडक्टर म्हणत. बसची घंटी त्यांनी आयुष्यात कधी ओढली नव्हती. पण ऑफिसच्या ईमेलचा सर्व्हर ताब्यात आल्यापासून दिवसातून दहा वेळा ते कुणाला ना कुणाला 'जागा करा, जागा करा' म्हणत, म्हणून हे नाव चिकटलं. मुळात ते स्टोअरकीपर. सर्व्हर ज्या कपाटात ठेवायचा ठरला, त्याची किल्ली त्यांच्याकडे होती. एवढ्याच पात्रतेवर तो त्यांच्या गळ्यात पडला.

कारखाना वीस माणसांचा. ज्यांचे पाय चारचौघांसारखे नाहीत त्यांच्यासाठी तिथे बूट बनत. एखाद्याचा एक पाय आखूड, एखाद्याची टाच वळलेली, एखाद्याला बोटंच नाहीत. बूट ज्यांच्यावर बेतायचे ते प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाचे लाकडी पाय घडवून, नंबर घालून मांडणीवर ठेवलेले असत. सर्व्हरचं कपाट त्याच खोलीत होतं. आत शिरलं की अकराशे जोड्या पावलं आपल्याकडे तोंड करून उभी असायची आणि त्यांच्यामध्ये तो सर्व्हर घुमत असायचा. नवी झाडूवाली त्या खोलीत एकटी जात नसे.

गिऱ्हाइकांच्या पायांचे फोटो आणि आकडे ईमेलने यायचे ते मापवाल्यांकडे. मापवाले कंडक्टरांच्याच वयाचे, मऊ बोलणारे आणि एकही ईमेल पुसायला तयार नसणारे. प्रत्येकाला दोन जीबीची हद्द. मापवाल्यांचा बॉक्स कायम तिच्यापलीकडे. यावरून दोघांची रोजची जुंपायची. लाकडी पाय आहेत की मांडणीवर, मग फोटो कशाला, असं कंडक्टर विचारत.

"लाकूड आकसतं, कंडक्टर," मापवाले म्हणत. "फोटो आकसत नाही. उद्या माझ्या माघारी कुणाचा बूट करायचा झाला, तर खरं माप याच डब्यात सापडेल."

शेवटी कंडक्टरांनी नियम केले. बॉक्स नव्वद टक्के भरला की रोज सकाळी नऊला कंडक्टरांच्या नावाने इशारा जाई. ऑफिसातली माणसं शिक्क्याशिवाय कशाला जुमानत नसत, म्हणून सोबत नियमांचा सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून जोडलेला. हद्द ओलांडली की बाहेरची पत्रं परत. फक्त इशारा तेवढा आत शिरे. आणि दर सोमवारी डिस्क कोरी करून सगळ्यांचा बॅकअप घेतला जाई, त्यात हद्दीबाहेरचा बॉक्स वगळला जाई. हे शेवटचं कलम त्यांनी मापवाल्यांवर चिडून घातलं होतं. शिस्त लागेल, असं त्यांना वाटलं.

मापवाल्यांनीही आपल्या बॉक्सला उत्तर शिकवून ठेवलं होतं. कुणाचंही पत्र येवो, मिनिटाभरात जाई: 'माप मिळालं. घाई नको, पाय कुठे पळून जात नाही.' इशाऱ्यालाही हेच उत्तर. कंडक्टरांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका आठवड्यात मात्र मापवाले रोज जेवणाच्या सुट्टीत बसून बॉक्स साफ करू लागले. लग्नपत्रिका, सुट्टीचे अर्ज, स्वतःच्या नातवाचे फोटोसुद्धा पुसले. पाय तेवढे ठेवले. शुक्रवारी संध्याकाळी ते दारात येऊन उभे राहिले.

"ब्याण्णववर आणलं. आता तरी खूष?"

कंडक्टरांनी मान वर केली नाही. "नव्वद म्हणजे नव्वद."

मापवाले पिशवी उचलून घरी गेले. सोमवारी ते कामावर आले नाहीत. रविवारी दुपारी घरी खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते.

त्याला दोन वर्षं होऊन गेली. नवी मापवाली बाई जुनी मापं बघायला तो बॉक्स उघडायची, म्हणून तो चालू ठेवलेला. नऊला इशारा जाई. नऊ वाजून एक मिनिटाने मापवाल्यांचं उत्तर येई. इशारा बंद करायला एक बटण पुरे होतं, पण कंडक्टरांचा हात तिकडे गेला नाही. उलट नऊच्या आत जागेवर पोचायची त्यांना घाई असे. रविवारी ते नऊला घरात येरझाऱ्या घालत. बायको एकदा म्हणाली, "जिवंत होते तेव्हा दोन शब्द धड बोलला नाहीत त्यांच्याशी. आता कसली वाट बघता?"

मग सर्व्हरचीच जागा संपत आली. मालकांची मुलगी, जिला सगळे धाकट्या बाई म्हणत, कपाटाशी आली.

"काका, मापवाल्यांचा बॉक्स बॅकअपमध्ये आहे ना? मग शुक्रवारपर्यंत सर्व्हरवरून काढून टाका."

कंडक्टर हो म्हणाले. चौदा वर्षं दर सोमवारी 'बॅकअप पूर्ण' अशी हिरवी ओळ बघून ते डिस्क कुलपात ठेवत आले होते. पण स्टोअरकीपर खोकं दुसऱ्याच्या हवाली करण्याआधी झाकण उघडून बघतोच. त्यांनी डिस्क जोडली. एकोणीस बॉक्स होते. मापवाल्यांचा नव्हता. आलटून पालटून वापरायची दुसरी डिस्क काढली. तिच्यातही नव्हता.

तसाच बॉक्स पुसला असता, तर अकराशे माणसांचे पाय गेले असते.

बॉक्स एकशेएक टक्के भरला होता. मेलेल्या माणसाचा बॉक्स वाढलाच कसा? उघडून पाहिलं, तर वरपासून खालपर्यंत एकच नाव होतं, त्यांचं स्वतःचं. रोज एक इशारा, प्रत्येकासोबत तो शिक्क्याचा कागद. सातशेच्या वर इशारे. जागा करा, जागा करा म्हणत त्यांनीच ती जागा भरली होती, आणि त्यांच्याच कलमाने तो बॉक्स गेले तीन महिने वगळला जात होता.

गुरुवारी त्यांनी ते इशारे पुसले. एकदम पुसता आले असते, पण ते तारीख वाचत एकेक पुसत गेले. जेवायला उठले नाहीत. शेवटचा गेला तेव्हा आकडा दिसला: ब्याण्णव. मापवाल्यांनी ठेवला होता तेवढाच.

कधीच कोरी न करायच्या एका नव्या डिस्कवर बॅकअप घेतला, आणि या वेळी हिरव्या ओळीवर विसंबले नाहीत. दुसऱ्या कॉम्प्युटरवर डिस्क उघडून चारशेबारा नंबरचं माप काढलं, मांडणीवरून तो लाकडी पाय उतरवला आणि टेप लावली. लाकूड दोन दोरे, पाव इंचभर, आकसलं होतं. फोटोत टाच होती तशी होती. त्यांनी पाय जागेवर ठेवला, पण माप चुकल्याची खूण म्हणून बोटं भिंतीकडे करून.

शुक्रवारी नऊच्या इशाऱ्यातला मजकूर आणि कागद काढून त्यांनी हाताने दोनच शब्द लिहिले: 'ब्याण्णव चालेल.' नऊ वाजून एक मिनिटाने उत्तर आलं. 'माप मिळालं. घाई नको, पाय कुठे पळून जात नाही.' ते त्यांनी तीनदा वाचलं, आणि दहाच्या आत बॉक्स सर्व्हरवरून काढला. धाकट्या बाईंनी भरपूर जागा झाली म्हणून शाबासकी दिली.

सोमवारी ते नऊला जागेवर होते. कपाटाचं दार उघडं होतं, सर्व्हर घुमत होता. जुन्या पत्त्यावर त्यांनी काही न लिहिता एक कोरं पत्र पाठवलं. मिनिटाभरात उत्तर आलं, सर्व्हरकडून. चुकीच्या पत्त्यांसाठी ते वाक्य कित्येक वर्षांपूर्वी त्यांनीच, खाली आपलं नाव टाकून, घातलं होतं.

'या नावाचं इथे कुणी नाही. कंडक्टर.'

मापवाले त्या शुक्रवारी ज्या दारात उभे होते, तिकडे त्यांनी खुर्ची वळवून पाहिलं आणि बराच वेळ मान वरच ठेवली.